वीरगळाला रंग लावू नका! गावातले जुने दगड सांभाळणाऱ्यांची गोष्ट

आपल्या पॉडकास्टचा हा नवा भाग, लिहून काढलेला. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा डेटा महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो, त्यांच्यासाठी. बोलताना मी जे 'अं... म्हणजे...' करतो तेवढं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. काही वर्षांपूर्वी मी दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो होतो. गावाच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळामागे पाच-सहा कोरीव दगड बऱ्याच वर्षांपासून उभे आहेत. दोन आडवे पडलेले, एक अर्धा मातीत. आम्ही मामे-मावसभावंडं आणि गावातली पोरं, सगळे मिळून आठ जण. ठरवलं, की आपण यांचं 'संवर्धन' करायचं. शब्द भारी होता. हातात काय होतं? तारेचे ब्रश, कपडे धुवायची पावडर आणि कुणाच्या तरी घराच्या ग्रीलला लावून उरलेला चंदेरी ऑइल पेंट.

दोन दिवस घासलं. तिसऱ्या दिवशी रंग लावला. दगड असे चमकायला लागले की रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघायचे. आम्ही फोटो टाकले, लाइक्स आले, कुणीतरी 'खरे मावळे' म्हणून कमेंट केली. आम्ही खूश.

दोन पावसाळ्यांनंतर रंगाचे पोपडे सुटायला लागले. आणि पोपड्याबरोबर दगडाची वरची पापुद्र्यासारखी पातळ साल पण यायला लागली. त्याच सुमाराला शिलालेखांचे एक अभ्यासक गावात आले होते. त्यांनी एका दगडाच्या मधल्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे दोन ओळी होत्या." मी विचारलं, "सर, काय लिहिलं होतं?" ते म्हणाले, "आता कसं सांगणार?"

ओरडले नाहीत, रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून हा भाग. गावोगावचे असे दगड सांभाळणारी मंडळी नेमकं काय करतात, आणि आमच्यासारखे उत्साही लोक नेमकं काय बिघडवतात, ते आज बघू.

आधी दगड वाचायला शिकू

'वीरगळ' या शब्दातला 'गळ' मासे पकडायचा नाही बरं का. कन्नडमध्ये 'कल्लु' म्हणजे दगड. वीरगल्लु, त्याचा आपल्याकडे झाला वीरगळ. लढाईत, गावावरच्या धाडीत किंवा गुरं सोडवताना जो मेला, त्याची आठवण म्हणून उभा केलेला दगड.

हा दगड खालून वर वाचायचा. बरेच जण वरून खाली बघतात आणि मग काहीच कळत नाही. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई दिसल्या तर समजायचं, की गुरं पळवणाऱ्यांशी झुंज झाली. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, कधी घोडा. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून वर नेतायत. आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. डोक्यावर कलश, आणि बहुतेक वेळा चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहील.

कॉमिक्सच आहे हे, फक्त उलट्या क्रमाने. आणि चित्रं प्रत्येक ठिकाणी सारखी नसतात. मुंबईत बोरिवलीला एक्सर गावात जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क जहाजं कोरलेली आहेत, वल्ही मारणाऱ्या माणसांसकट. समुद्रावरच्या लढाईचा असा पुरावा आपल्याकडे फार थोडा आहे, आणि तो आज इमारतींच्या मधे उभा आहे.

सतीशिळा ओळखायची खूण त्याहून सोपी: कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात. बास, तेवढंच. मी पहिल्यांदा अर्थ समजून पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. नुसता हात आहे, पण बाई कोण, किती वर्षांची, काहीच नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे गधेगळ. याच्याबद्दल घरच्यांसमोर बोलायला लोक लाजतात. वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढव आणि बाई, अशा अवस्थेत की विचारू नका. ही दगडावरची शिवी आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, धान्य, कर यांचं दान दिलं, की ते मोडणाऱ्याला शाप द्यायचा. आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही शाप कळावा म्हणून खाली चित्र. मोडशील तर तुझ्या आईवर ही वेळ येईल, असा त्याचा अर्थ. वाचायला घाण वाटतं, खरंय. पुरुषाने करार मोडायचा आणि शिक्षा त्याच्या आईला, हा विचार तेव्हाही होता आणि आजच्या भांडणांत पण ऐकू येतो. पण म्हणून दगड फोडायचा? काही गावांत अपशकुनी म्हणून गधेगळ उपटून टाकलेत. काही गावांत त्यालाच शेंदूर फासून पुजतात.

अक्षीचा दगड

आता तुम्ही म्हणाल, शिवी कोरलेला दगड सांभाळून करायचं काय? तर चला अलिबागला.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर अक्षी गाव लागतं. बीचवर जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. तिथे रस्त्याच्या कडेला एक गधेगळ वर्षानुवर्षं उघड्यावर उभा होता. ऊन, खारा वारा, कोकणातला पाऊस, गाड्यांची धूळ, सगळं झेलत. वर चंद्र-सूर्य, खाली नऊ ओळी. त्यात कोकणच्या केशीदेवराय या राजाचं नाव येतं, भइर्जू नावाच्या त्याच्या प्रधानाचं येतं, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्य द्यायची व्यवस्था येते. बोडण कोकणातल्या घरांत आजही भरतात. म्हणजे आजी ज्याची तयारी करते, तेच.

प्राचीन मराठी लेखांचे मोठे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी या लेखाचा काळ शके 934 असा वाचला. शकाचं इसवी सन काढायचं सोपं आहे, 78 मिळवा. 934 अधिक 78, झालं 1012. म्हणजे हजार वर्षांहून जुनं मराठी. शाळेत आपण पहिला मराठी शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळ पाठ केलं होतं ना? तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे अक्षीचा लेख पहिल्या मानाचा दावेदार ठरतो. 1963 साली त्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ आला. आजही या विषयात पाऊल टाकणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो.

पण सगळ्यांना शके 934 मान्य नाही. अक्षरं झिजली आहेत, आकडे वेगळे वाचता येतात असं काही अभ्यासक म्हणतात. त्यांच्या मते मान जातो सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला. भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, तिथल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा लेख आहे. तो उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभारांनी. त्यांनी आयुष्यभर सोलापूर जिल्ह्यातली गावं पालथी घालून लेख गोळा केले.

आता गंमत बघा. मराठीचा पहिला कोरीव लेख कुठला, हा इतका मोठा प्रश्न. आणि तो अडकलाय कशात? दगडावरच्या तीन आकड्यांत. त्या आकड्यांवरून कुणी एकदा तारेचा ब्रश फिरवला, की प्रश्न कायमचा संपला. उत्तर मिळून नव्हे, तर पुरावाच संपून.

हे लक्षात आलं तेव्हा मला आमचा चंदेरी रंग आठवला.

मग स्वच्छ करायचं की नाही?

करायचं, पण फार थोडं. जी मंडळी वर्षानुवर्षं हे काम नीट करतायत त्यांच्याकडून मी शिकलो ते असं, की पहिल्या भेटीत दगडाला हातच लावायचा नाही. आजूबाजूचं गवत काढा, प्लॅस्टिक उचला, पाणी साचत असेल तर चर खणून वाट काढून द्या. तो चर पण दगडाला चिकटून नको, लांबून. निम्मं काम इथेच होतं, कारण दगडाचा खरा शत्रू म्हणजे बुडाशी साचलेलं पाणी.

चिखल, धूळ काढायची तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. साबण नाही, ॲसिड नाही, लिंबू-चिंच पण नाही. हो, चिंच घासणारे भेटलेत मला, पितळेची भांडी असल्यासारखे. शेवाळ किंवा दगडफूल घट्ट बसलेलं असेल तर नखाने पण खरवडू नका. ते दगडात मुळं धरून असतं, ओढलं की दगडाचा कण घेऊनच येतं. ते तज्ज्ञांचं काम.

रंग का नको? दगड वरून ठणठणीत दिसला तरी त्यात बारीक छिद्रं असतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण काय किंवा कोकणातला जांभा काय, जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि अंगावरून हवेत सोडतो. ऑइल पेंट मारला की बाहेर पडायची वाट बंद. ओल आतच राहते, ओलीबरोबर आलेले क्षार सालीच्या मागे जमा होतात आणि आतून साल ढकलतात. आमच्या गावात झालं ते हेच. सिमेंटचं पण तसंच. तुटलेला वीरगळ सिमेंटने जोडला किंवा सिमेंटच्या चौथऱ्यात गाडला, की तो पक्का झाला असं वाटतं. पण सिमेंट ताठ, आणि वर स्वतःचे क्षार सोडतं. जुन्या बांधकामात चुना वापरायचे त्याला कारण होतं. शिवाय गाडलेल्या चौकटीत वीर पडलेला असतो, म्हणजे गोष्टीची सुरुवातच गाडली जाते.

शेंदराचा प्रश्न नाजूक आहे. जिथे पूजा चालू आहे तिथे जाऊन 'हे काढा' म्हणायचं नाही. एक तर गावाची श्रद्धा आहे, आणि दुसरं, कित्येक दगड त्या श्रद्धेमुळेच वाचलेत. नाहीतर कधीच पायऱ्या झाल्या असत्या. बसून बोलावं. शेंदूर फक्त वरच्या भागाला लावा, अक्षरांवर नको, असं समजावलं की आजीमंडळी ऐकतात. तरुणांपेक्षा लवकर ऐकतात, हा माझा अनुभव.

तुमचा फोन इथे कामाचा

अक्षरं नीट दिसावीत म्हणून लोक त्यात खडू, पीठ, भस्म भरतात. नका भरू. आपल्याला जे अक्षर वाटतं ते आपण रंगवतो, आणि पुढच्या माणसाला आपली चूकच दिसते. त्यापेक्षा उजेड वापरा. भर दुपारी गेलात तर दगड सपाट दिसेल. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. किंवा अंधार पडल्यावर एका मित्राला टॉर्च घेऊन बाजूला उभं करा. उजेड समोरून नाही, अगदी कडेने, दगडाला घासून जाईल असा. खोलगट भागात सावली पडते आणि दिवसा न दिसणारी ओळ उठून येते. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून धरून प्रत्येक वेळी एक फोटो. खर्च शून्य. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

फोटोत मोजपट्टी ठेवा, नाहीतर निदान एक पेन. सगळ्या बाजूंचे घ्या, मागचा पण. लोकेशन नोंदवा, तारीख लिहा, शेत कुणाचं ते विचारा, आणि गावकरी त्या दगडाला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ही शेवटची गोष्ट कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही.

अजून पुढे जायचं असेल तर दगडाभोवती फिरत, एकावर एक चढतील असे साठ-सत्तर फोटो काढून त्यांचं थ्रीडी मॉडेल बनवता येतं. बंगळुरूमध्ये हे फार छान चाललंय. मिथिक सोसायटी ही तिथली 1909 पासूनची संस्था. तिच्या प्रकल्पात शहरातल्या शिलालेखांचं थ्रीडी स्कॅनिंग होतंय. मुळात हे काम सुरू केलं नोकरी-धंदा सांभाळून फिरणाऱ्या हौशी लोकांनी. शंभर वर्षांपूर्वी बी. एल. राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'मध्ये नोंदवलेले दगड आज कुठे आहेत, हे ते गल्लोगल्ली शोधत गेले. कित्येक दगड बांधकामांत नाहीसे झाले होते. पण हेब्बाळ भागात किट्टय्या नावाच्या वीराचा दगड सापडला, साधारण इ.स. 750 चा, आणि आसपासच्या रहिवाशांनी त्याच्यासाठी मंडप उभारला. त्या दगडावर 'पेर्बोळल्' असं नाव आहे. हेब्बाळ हे नाव त्यातूनच आलं. आपण जिथे ट्रॅफिकमध्ये तासभर अडकतो त्या जागेला पावणेतेराशे वर्षांपूर्वी पण नाव होतं!

दगड उचलून घरी नेऊ का?

नाही. एका वाक्यात उत्तर संपलं, पण कारण सांगतो. वेशीवरचा वीरगळ वेशीवर आहे म्हणून वेस कुठे होती ते कळतं. गधेगळ जिथे रोवलाय तिथून दानाच्या जमिनीची हद्द कळू शकते. उचलला, की उरतो शोपीस.

याला एक मोठा अपवाद मला नेहमी आठवतो, धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं तेर. सातवाहन काळात याचं नाव होतं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर, ग्रीक लेखकांनी नोंदवलेलं. तिथल्या पांढरीतून आणि शेतांतून मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर यायच्या आणि हरवायच्या. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी त्या जमवायला सुरुवात केली आणि हजारो वस्तू सांभाळल्या. त्यांचा संग्रह पुढे सरकारकडे गेला आणि आज तेरला त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखवते. त्यांनी जमवलं नसतं तर? पण आजच्या जमान्यात आपण तसं करू नये, कारण आता कायदे आहेत. जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, अगदी दहा रुपयांहून जास्त किमतीचं असलं तरी. आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, देशाबाहेर तर नेताच येत नाही.

संरक्षित स्मारक असेल तर तिथे गवत काढायलाही आधी विचारा. केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी. दोन्ही मिळून महाराष्ट्रात काही शे स्मारकं. 2025 मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी मिळून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आनंदच आहे. पण वेशीवरचे बहुतेक दगड कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्यासाठी उरतं कोण? ग्रामसभा. पुरातत्त्व विभागाच्या विभागीय सहायक संचालकांना फोटोंसकट पत्र, आणि ग्रामसभेचा ठराव. ठराव कंटाळवाणा वाटतो, पण जेसीबी आल्यावर तो कागदच दाखवता येतो.

हे ऐकीव नाही. दोन वर्षांपूर्वी आजोळचा रस्ता रुंद करायचं निघालं. मारुतीमागचे दगड नेमके आखणीत. पत्र गेलं होतं, ठराव झाला होता, दगडांचे नंबर टाकलेले फोटो मामांच्या फाइलमध्ये होते. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "हे तर तुम्हीच रंगवलेले दगड ना? जुने कशावरून?" आम्ही गप्प. मामांनी फाइल पुढे केली. शेवटी तहसील कचेरीत दोन फेऱ्या झाल्या आणि रस्ता चार हात सरकला.

रंग अजून आहे. काढायचा म्हटलं तर जे उरलंय ते पण जाईल, असं त्या अभ्यासकांनीच सांगितलं; म्हणून तो आपोआप जाईल तसा जाऊ देतोय. दरम्यान आम्ही गावातल्या घराघरांतून जुने फोटो मागितले. लग्नाचे, जत्रेचे, काहीही, फक्त मागे मारुतीचं देऊळ दिसायला हवं. बावीस फोटो मिळाले. एकात, मावशीच्या लग्नातल्या, वरात देवळावरून जातेय आणि नवरदेवाच्या घोड्यामागे तो दगड दिसतोय, रंगाआधीचा, संध्याकाळच्या उन्हात. मधल्या पट्टीवर दोन ओळी आहेत. स्कॅन करून खूप मोठा केला. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'स्वस्ति' असावं असं त्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. त्याच्या पुढे घोड्याचं कान आहे.